ज्याची उचल, त्याची मूर्ती? पेणजवळच्या एका तरुण मूर्तिकाराचे प्रकरण

रायगड जिल्ह्यातील पेण शहर आणि त्याच्या शेजारची हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. प्रस्तुत प्रकरण याच पट्ट्यातील एका कारखानदाराच्या मुलाचे आहे. मुंबईत शिल्पकलेचे शिक्षण पूर्ण करून तो २०२१च्या अखेरीस घरी परतला, तेव्हा त्याचे वय चोविसाच्या घरात होते. संबंधितांच्या इच्छेनुसार त्याचे नाव, गाव आणि व्यापाऱ्यांची ओळख येथे दिलेली नाही. २०२२ ते २०२५ या चार हंगामांत स्वतःच्या कल्पनेतील मूर्ती बाजारात उभी करण्यासाठी त्याने जे निर्णय घेतले, ते कोणत्या दबावाखाली घेतले गेले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

अशा प्रकरणांकडे पाहताना कलावंत विरुद्ध बाजार अशी मांडणी सहज सुचते. ग्राहकाला कळत नाही, व्यापाऱ्याला नफ्यापलीकडे दिसत नाही आणि मधल्या मध्ये कलावंत चेपला जातो, असे आपण म्हणून टाकतो. चार हंगामांचा तपशील पाहिल्यावर मला ही मांडणी अपुरी वाटते. या तरुणावरचा दबाव अभिरुचीच्या रूपाने क्वचितच आला. बहुतेक वेळा तो आगाऊ रकमेच्या रूपाने आला. दिवाळीत कारखान्यात पैसे कोण टाकतो, यावर भाद्रपदात मूर्ती कशी दिसणार हे ठरत होते.

हंगामाचा पैसा

पेणच्या कारखान्याचे वर्ष विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास व्यापारी येतात, मागचा हिशेब मिटवतात आणि पुढच्या हंगामासाठी उचल देतात. त्या रकमेतून प्लास्टरच्या गोणी, काथ्या, रबरी साचे आणि कारागिरांची मजुरी भागते. हिवाळ्या-उन्हाळ्यात कच्च्या, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती काढल्या जातात. परदेशी जाणारा माल बोटीने पोचायला वेळ लागत असल्याने उन्हाळ्याच्या आधीच निघू लागतो, पुढे कच्च्या मूर्तींचे ट्रक मुंबई-पुण्याकडे जातात, आणि उरलेल्या मूर्तींचे रंगकाम व डोळ्यांची आखणी चतुर्थीच्या तोंडापर्यंत चालते. खर्च वर्षभर आणि खरी आवक शेवटच्या काही आठवड्यांत, अशी ही रचना आहे. मधली दरी व्यापारी भरून काढतो, आणि ज्यांच्याकडे बँकेला दाखवण्याजोगे तारण नाही त्यांच्यासाठी तोच सावकार, तोच गिऱ्हाईक आणि तोच वितरक असतो. त्याला खलनायक ठरवून हे प्रकरण समजणार नाही. मात्र त्याच्या पैशाला कुठेही न लिहिलेली एक अट चिकटलेली असते: मूर्ती कोणत्या नमुन्याच्या काढायच्या, हे तो सांगतो.

नमुने बहुतांशी ठरलेले असतात. लालबागचा राजा, दगडूशेठ, टिटवाळा, बालगणेश, आणि त्या वर्षी गाजत असलेल्या एखाद्या मालिकेतील किंवा चित्रपटातील नायकाच्या ढंगाचा एखादा नवा. ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवतो, दुकानदार तो व्यापाऱ्याकडे धाडतो आणि व्यापारी कारखानदाराकडे. या साखळीत नवा आकार शिरायला जागा असते ती फक्त मास्टर पीस, म्हणजे ज्यावरून साचा काढतात ती मूळ मूर्ती, घडवणाऱ्यापाशी. त्याला एका मास्टर पीसचे एकरकमी पैसे मिळतात, आणि त्यावरून काढलेल्या साच्यातून पुढे शेकडो मूर्ती निघाल्या तरी त्याचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही.

माध्यमाचाही या अर्थकारणाशी थेट संबंध आहे. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवून केलेले प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतले की अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते. एका साच्यातून दिवसाला अनेक मूर्ती निघतात, त्या हलक्या असतात आणि ट्रकमध्ये एकावर एक थर लावून पाठवता येतात. शाडूची माती गुजरातेतून येते. ती मळावी लागते, साच्यात हाताने दाबावी लागते, नंतर हात, कान, सोंड जोडून सांधे लिंपावे लागतात आणि मूर्ती सावलीत हळूहळू वाळू द्यावी लागते. घाई केली की तडा जातो. पावसाळी हवेत तर कधी वाळेल याचा भरवसाच नसतो.

एक उभा गुडघा

त्याची कल्पना फारशी क्रांतिकारक नव्हती, हे आधीच नमूद केले पाहिजे. शिक्षणाच्या काळात जिवंत माणसे समोर बसवून अभ्यास करताना त्याच्या लक्षात आले की, आपल्या कारखान्यातील मूर्ती बसलेल्या दिसतात, पण त्यांचा भार कुठेच पडलेला नसतो. साच्यावरून साचा, त्यावरून पुन्हा साचा असे होत होत मांडी, कंबर आणि पाठ यांचे नाते पुसट होऊन गेले होते आणि ती उणीव लोड, तक्क्या व सिंहासन यांनी झाकली जात होती. खाडीकाठी जाळी दुरुस्त करत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांची रेखाटने त्याने वर्षानुवर्षे केली होती. एक गुडघा उभा, एक आडवा, शरीराचा सगळा भार खाली उतरलेला आणि पाठीला किंचित बाक, अशी ती बैठक होती. तीच त्याने गणपतीला दिली. परंपरेच्या बाहेर तो गेला होता असेही नाही, कारण एक गुडघा उभा ठेवून बसण्याचे महाराजलीलासन भारतीय मूर्तिकलेत जुनेच आहे. मुकुट नाही, दागिने अंगातच कोरलेले, मातीचा मूळ रंग, गेरूचा हलका हात आणि रंगवलेले फक्त डोळे, अशी दीड फूट उंचीची ती मूर्ती होती. ती शाडूचीच हवी हा त्याचा आग्रहही पर्यावरणापोटी नव्हता. शाडू बोटाचा ठसा धरते आणि प्लास्टर साच्याचा, एवढेच त्याचे कारण होते.

वडिलांचा विरोध नव्हता. परिसरात आखणीसाठी नावाजलेला हा माणूस, मुलाच्या कामातील ताकद त्याला कळत होती. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या निर्बंधांमुळे सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली होती, आधीच काढून ठेवलेला मोठ्या मूर्तींचा माल पडून राहिला होता आणि कर्ज वाढले होते. २०२२ मध्ये निर्बंध उठताच त्यांनी नेहमीपेक्षा मोठी उचल घेतली. मुलाला त्यांनी सांगितले ते इतकेच: ‘‘आधी शेठचा माल काढू, मग तुझं काय ते कर.’’

शेठचा माल निघेपर्यंत आषाढ उजाडला. त्याने दाबलेल्या मूर्ती ऐन पावसात वाळायला ठेवल्या गेल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तडकल्या. ज्या वाचल्या त्यांतील एक पाहून व्यापाऱ्याने दिलेला अभिप्राय त्याने वहीत उतरवून ठेवला आहे: ‘‘दादा, बाप्पा दमून बसल्यासारखा वाटतो. वर्षातून एकदा घरी येणारा देव असा कसा चालेल?’’ हा अभिप्राय अडाणीपणाचा होता असे मला वाटत नाही. बैठकीतला भार त्या माणसाने अचूक वाचला होता. फक्त त्याचा अर्थ वेगळा लावला होता. पहिल्या हंगामाला घरातील सर्वांनी अपयश म्हटले, पण त्यातून मूर्तीविषयी काहीच सिद्ध झाले नव्हते. सिद्ध झाले होते ते एवढेच की, शाडूकामाला लागणारे कोरडे महिने प्लास्टरच्या मालाने खाऊन टाकले होते, कारण त्या महिन्यांचे पैसे आधीच दुसऱ्याने दिले होते.

विकली गेलेली तडजोड

२०२३ मध्ये त्याच व्यापाऱ्याने प्रस्ताव मांडला. बैठक वेगळी आहे, ती चालेल. पण मूर्ती प्लास्टरची हवी, डोक्यावर मुकुट हवा, खड्यांचे काम हवे आणि कापडी पितांबर व फेटा हवा. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि हंगाम लांबल्यामुळे नव्या नमुन्याला जागा होती. मुलाने होकार दिला. मूर्ती झपाट्याने खपली, कारखान्याने करोनानंतर प्रथमच कर्जाचा मोठा हप्ता फेडला आणि घरात समाधान होते.

पितांबर नेसवल्यावर उभा गुडघा झाकला गेला. ज्या एका गोष्टीसाठी ही मूर्ती घडवली गेली, ती गोष्ट ग्राहकाच्या नजरेलाच पडत नव्हती. शिवाय दर ठरला होता तो नेहमीचाच, नगाप्रमाणे. मास्टर पीसचे वेगळे पैसे मागायला हवे होते, हे त्याला नंतर उमगले. पण दराची बोलणी वडील करत आणि उचल घेऊन झाल्यावर नव्या अटी घालण्याची रीत तिथे नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत शेजारच्या काही कारखान्यांत तीच मूर्ती दिसू लागली. तयार मूर्तीवरून साचा काढायला कुशल हाताला फार वेळ लागत नाही, आणि तो काढणाऱ्यांपैकी एकजण नात्यातलाच होता. कायद्याचा आधार आहे, पण तो या धंद्याच्या चालीशी जुळत नाही. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि पुढे वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र नोंदणीच्या अर्जापूर्वी ते डिझाइन कुठे प्रसिद्ध झालेले नसावे लागते. येथे तर मास्टर पीस तयार झाल्या क्षणी त्याचा फोटो दहा व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर पोचतो. कॉपीराइट कायदा, १९५७ शिल्पाला संरक्षण देतो, पण नोंदवता येण्याजोगे आणि न नोंदवलेले डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा काढले गेले की त्यावरील कॉपीराइट संपतो, आणि साच्यातून काढलेल्या मूर्तीला हेच कलम लावले जाण्याचा धोका असतो. कायदा बाजूला ठेवला तरी चुलतभावावर दावा लावून त्याच गावात राहायचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्याने दावा लावला नाही, आणि ते योग्यच केले असे माझे मत आहे.

वहीतील आकड्यांनुसार २०२३ हे त्याचे सर्वांत चांगले वर्ष. माझ्या मते त्याच वर्षीचा निर्णय सर्वांत महाग पडला. तडजोड केली म्हणून नव्हे, कारण या धंद्यात तडजोड रोजची आहे. तर कोणती गोष्ट सोडता येण्याजोगी आहे आणि कोणती नाही, हे त्याने आधी स्वतःशी ठरवले नव्हते, म्हणून. रंग, मुकुट, माध्यम, बैठक या सगळ्यांना त्याने एकाच मापाने मोजले, आणि समोरच्याने त्यातले जे नको होते ते सहज काढून टाकले.

पाडव्याची उचल

२०२४च्या हंगामाची तयारी त्याने वेगळ्या टोकाकडून केली. कारखान्याच्या क्षमतेपैकी साधारण चौथा भाग व्यापाऱ्याच्या उचलीतून बाहेर ठेवावा, एवढीच मागणी त्याने वडिलांकडे केली. २०२३ची चांगली कमाई हाताशी असल्याने ती मान्य झाली. म्हणजे ज्या तडजोडीने त्याचा आकार झाकला, तिनेच पुढच्या प्रयोगाला भांडवल दिले, हेही नोंदवले पाहिजे. मग त्याने ओळखीपाळखीतून अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई येथील पन्नासएक घरांकडून थेट नोंदणी घेतली. गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत, किमतीचा तिसरा हिस्सा द्यायचा, अशी अट होती.

या व्यवस्थेचा खरा लाभ विक्रीत दिसला नाही, तो वाळवणीत दिसला. पैसे चैत्रात हाती आल्याने माती चैत्रातच मळली गेली आणि वैशाख-ज्येष्ठाच्या कोरड्या हवेत, उन्हाचा थेट झोत टाळून, मूर्ती सावकाश वाळल्या. तडे अगदी थोड्या मूर्तींना गेले. पावसाळा लागला तेव्हा फक्त गेरूचा हात आणि आखणी शिल्लक होती. दोन वर्षांपूर्वी ज्या दोषाचे खापर मातीवर आणि त्याच्या अननुभवावर फोडले गेले होते, तो दोष मुख्यतः वेळापत्रकाचा होता.

अर्थात एका व्यापाऱ्याऐवजी पन्नास ग्राहक आल्याने दबाव नाहीसा झाला नाही, त्याचे तुकडे झाले. कोणाला सोंड थोडी लांब हवी होती, कोणाला दगडूशेठसारखे कपाळ. एका घरातून निरोप आला की, सासूबाईंना मुकुटाशिवायचा बाप्पा चालणार नाही. मागच्या वर्षी न घातलेली विभागणी त्याने आता केली: रंग आणि मुकुट ग्राहकाचा, बैठक आणि माती त्याची. मुकुट शाडूचाच, पण वेगळा घडवून वरून बसवता येईल असा केला, त्यामुळे सासूबाईंचीही सोय झाली. ज्यांना पितांबर नेसवायचे होते त्यांना त्याने नम्रपणे व्यापाऱ्याच्या दुकानाचा पत्ता दिला. अशी चार-पाच घरे गेली.

या मूर्तींचे डोळे वडिलांनी आखले. मुलाला आखणी येते, पण वडिलांसारखी येत नाही, आणि हे त्याने ग्राहकांना उघडपणे सांगितले. स्वतंत्र अभिव्यक्तीच्या गप्पांत ही बाब सहसा निसटते. त्याच्या मूर्तीची नजर ही त्याची निर्मिती नव्हतीच. ती त्याच परंपरेची होती, जिच्या साच्यांना तो कंटाळला होता.

न्यायालयाचे वर्ष

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे १२ मे २०२० रोजी जाहीर केली होती आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई होती. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला, आणि प्लास्टरच्या कच्च्या मालाने भरलेल्या या पट्ट्यात घबराट पसरली. व्यापारी शाडूचे कारागीर शोधू लागले. या तरुणाकडे एकाच आठवड्यात दोन मोठे प्रस्ताव आले: संपूर्ण कारखान्याने शाडूचाच माल काढावा, उचल वाढवून मिळेल, नमुने मात्र नेहमीचे.

वरकरणी हा त्याच्या आदर्शाचा विजय होता. त्याला जी माती हवी होती ती आता बाजारालाच हवी होती. त्याने मात्र यातला फरक लगेच ओळखला: माती आली होती, बैठक आली नव्हती. शिवाय २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे २०२३च्या मानाने २३ दिवस आधी होती, आणि एवढ्या शाडूच्या मूर्ती वाळवायला ना जागा होती ना दिवस. वडिलांचा कल प्रस्ताव घेण्याकडे होता. बऱ्याच वादानंतर एका व्यापाऱ्याचे मर्यादित काम लेखी कबुलीवर आणि निम्मे पैसे आधी घेऊन स्वीकारले गेले, दुसऱ्याचे थोडेसे काम केवळ जुन्या संबंधांखातर तोंडी शब्दावर.

९ जून रोजी उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन परवानगीशिवाय करता येणार नाही असे सांगितले. पुढे जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत विसर्जित करण्याचे ठरले आणि त्याहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलस्रोतांची वाट तात्पुरती मोकळी झाली. जूनच्या मध्यापर्यंत बाजार प्लास्टरकडे परतला होता. लेखी कबुलीचा माल उचलला गेला. तोंडी शब्दावरचा पडून राहिला आणि बऱ्याच कमी दराने गेला. थेट नोंदणीच्या घरांना या साऱ्या उलथापालथीची फारशी झळ बसली नाही, आणि त्यांची संख्याही थोडी वाढली होती.

करमरकरांचा दाखला

या तरुणाशी बोलताना सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांचे (१८९१–१९६७) नाव वारंवार येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे. अलिबागजवळच्या या गावात, गणपती घडवणाऱ्या घरात जन्मलेला मुलगा तेव्हाच्या कलेक्टरच्या, ऑटो रॉथफिल्ड यांच्या, नजरेत भरला, त्यांच्या साहाय्याने जे. जे. स्कूलमध्ये गेला आणि पुढे १९२८ मध्ये पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्याने घडवला. सासवण्याच्या घरातील त्यांच्या संग्रहालयात आजही कोळीण, शेजारीपाजारी आणि गुरेढोरे सिमेंटमध्ये बसलेली-उभी दिसतात. तरुण मूर्तिकार हा दाखला देतो तो आपल्या मातीतल्या माणसांकडे परत येण्याचा म्हणून. मला त्यात दुसरेही काही दिसते. करमरकरांना पुतळ्यांची मोठमोठी कामे मिळत आणि त्यांतील शिस्त व अटी ते पाळत. अंगणातली कोळीण त्यांना विकायची नव्हती, त्यामुळे ती कशी बसावी हे कोणी सांगितले नाही. या तरुणाची अडचण अशी की, त्याला हीच मूर्ती विकायची आहे, तीही पूजेसाठी, आणि तीही अशा घराला की जे दहा दिवसांनी ती पाण्यात सोडणार आहे. करमरकरांची वाट त्याला मोकळी नाही असे नव्हे. फायबरच्या अर्धपुतळ्यांची कामे त्याच्याकडे येतात आणि त्यांना पैसेही बरे आहेत. तो ती घेत नाही, कारण ती घेतली की पुन्हा उन्हाळ्याचे महिने जातात. हे कारण मला पटते. एखादे काम पावसाळ्यानंतर घेतले तर काय बिघडेल, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने दिलेले नाही.

सद्यःस्थिती

२०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. हंगाम मोठा आहे, आणि क्षमतेचा तिसरा भाग थेट नोंदणीसाठी ठेवायला वडील राजी झाले आहेत. उरलेल्या भागासाठी व्यापाऱ्याची उचल याही दिवाळीत घेतली गेली. मात्र त्याने घडवलेला मास्टर पीस वापरायचा असेल तर नगामागे ठरावीक रक्कम द्यावी, अशी अट यंदा प्रथमच चिठ्ठीवर लिहून दिली आहे. व्यापाऱ्याने ती नाकारलेली नाही आणि मान्यही केलेली नाही.

नवी अडचण वेगळ्याच बाजूने आली आहे. नोंदणी आणखी वाढली तर सगळ्या मूर्ती त्याच्या एकट्याच्या हाताने दाबल्या जाणार नाहीत. पूर्वी ज्याने त्याच्या मूर्तीवरून साचा काढला होता, त्याच चुलतभावाने आता स्वतःहून विचारणा केली आहे: माती आणि मजुरीसाठी आगाऊ रक्कम मिळाली तर उभ्या गुडघ्याच्या काही मूर्ती तो आपल्या कारखान्यात काढून देईल, फक्त कपाळ आणि सोंड आपल्या पद्धतीने करू द्यावी. वडिलांच्या मते नात्यात अटी घालू नयेत. मुलाने त्याला माती आणि साचा दिला आहे. रकमेबरोबर कपाळ-सोंडेचीही अट घालायची की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.